‘ताप येऊ देऊ नका’: एका लेकराच्या कॅज्युअल्टीच्या सहा फेऱ्या

हे प्रकरण 19 महिन्यांच्या एका मुलीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावापासून 17 किलोमीटरवर तिची वस्ती. वडील ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, हंगामात ऊस आणि एरवी मिळेल ती भर. आई घरचं आणि दोन म्हशींचं बघते. घरात मोठी आजी. मुलीची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. मी त्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे आणि या प्रकरणातली मुख्य चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

तापात आकडी आली म्हणून मुलगी पहिल्यांदा आली जुलैच्या अखेरीस. त्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, अकरा आठवड्यांत, आणखी पाच वेळा. सहाही वेळा रात्री. पहिल्या वेळी आकडी सुरू झाल्यापासून आमच्यापर्यंत पोचायला दीड तासाच्या वर गेला. पुढच्या पाचपैकी एकाही रात्री यायची गरज नव्हती. आमच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, अशा लोकांसाठी दोन शेरे तयार असतात: ‘लेकरू मरायला टेकल्यावर आणतात’ आणि ‘उगाच उठून येतात’. या एकाच घराला अडीच महिन्यांत दोन्ही शेरे मिळाले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की गडबड शेऱ्यात असावी.

कॉल लॉग

पहिल्या रात्री नेमकं काय झालं हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात कळलं, तेही आईच्या मोबाईलमुळे. “किती वेळ आकडी होती?” असं विचारलं तर ती म्हणाली, “अर्धा-पाऊण तास.” आजी म्हणाली, “तासभर.” आपल्या लेकराचे डोळे पांढरे झालेले बघणाऱ्या माणसाला घड्याळ कळत नाही, त्यात खोटं काही नसतं. मग मी तिला फोन उघडायला लावला आणि आम्ही दोघींनी मिळून रात्र पुन्हा लावली.

9:22 ला दिराला कॉल. त्या वेळी मुलगी झटके देत होती, हे तिला पक्कं आठवत होतं, कारण एका हाताने ती मुलीचं डोकं धरून बसली होती. 9:26 ला दिरालाच दुसरा कॉल: “थांबलंय, पर उठंना झालंय, लवकर या.” म्हणजे आकडी पाच मिनिटांच्या आतच होती. पण त्या चार मिनिटांत शेजारच्या बाईने कांदा फोडून नाकाला लावला होता, कुणीतरी चप्पल हुंगवली होती आणि दातखीळ सुटावी म्हणून आजीने स्टीलचा चमचा दातांत घातला होता. मुलीचा खालचा ओठ आतून फाटला होता आणि हिरडीतून रक्त येत होतं. आल्यावर सगळ्यांचं बोट त्या रक्ताकडेच, “तोंडातनं रक्त आलंय!” त्या रात्रीची तिची खरी दुखापत तेवढीच होती आणि ती आकडीने केलेली नव्हती.

9:29 ला नवऱ्याला कॉल, तो भर टाकायला दुसऱ्या गावी. 9:31 आणि 9:34 ला गावातल्या डॉक्टरांना, उचलला नाही. 9:48 ला दिराची पिकअप दारात. गावातल्या डॉक्टरांच्या घरी थांबले, त्यांनी बॅटरीने बघितलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. साडेदहाच्या सुमाराला तालुक्यात. लहान मुलांचा पहिला खासगी दवाखाना बंद, वॉचमन म्हणाला, डॉक्टर बाहेरगावी. दुसऱ्यात बेड नव्हता. आमच्या रजिस्टरला नोंद 10:58.

या सगळ्या यादीत 108 नाही. मी विचारलं, का नाही लावला? आईचं उत्तर अजून माझ्या डोक्यात आहे. “मॅडम, 102 मला म्हाईत हाय, बाळंतपणाला आलती. 108 ॲक्सिडेंटला असतीय की.” तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिका घेऊन सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. पण वस्तीवरच्या बाईला ती दिसते ती हायवेला, उलटलेल्या गाडीपाशी. 102 तिच्या दारापर्यंत आलेली होती, म्हणून तो नंबर तिच्या फोनमध्ये होता. मात्र 102 गरोदर बायांसाठी आणि एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळांसाठी. तिची मुलगी त्या वयातून बाहेर पडली होती आणि आता तिच्यासाठी कोणता नंबर, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

उशिराबद्दल शिकवताना आम्ही तीन उशीर सांगतो: निर्णयाला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. थॅडियस आणि मेन या दोघींनी 1994 साली मातामृत्यूंच्या संदर्भात ही मांडणी केली आणि ती पुढे लेकरांनाही लावली गेली. या घरात निर्णयाला उशीर झालाच नाही. आईने दोन मिनिटांत ठरवलं होतं. वेळ गेला तो गाडी आणि गाडीवाला माणूस शोधण्यात, आणि त्याहून जास्त दारं ठोठावण्यात. संध्याकाळी शेवटची वडाप गेली की वस्तीवर दिराची पिकअप हेच वाहन, आणि ती घरी असते फक्त रात्री. ‘हे लोक दिवसा ओपीडीला का येत नाहीत’ या कॅज्युअल्टीतल्या जुन्या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे आहे. दिवसा लेकरू आजारी असतं, पण गाडी आणि गडीमाणूस कामावर असतो.

पोचल्यावर मात्र तिला थांबावं लागलं नाही. आत मोटारसायकलच्या अपघातातला एक तरुण होता आणि त्याच्या सोबत वीसेक माणसं. सिस्टरने त्या गर्दीतून मुलीला पाहिलं, केसपेपर काढायला गेलेल्या काकाची वाट न बघता तिला आईच्या खांद्यावरून उचलून टेबलावर घेतलं. लहान मुलांना रांगेत न ठेवता आधी श्वास, रंग, शुद्ध आणि झटके बघायचे, मग कागद, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षणात शिकवतात. आमच्या सिस्टर ते प्रशिक्षणाच्या कितीतरी आधीपासून करतात.

ताप 103, ऑक्सिजन 97, बोटाच्या थेंबातून साखर 112. मुलगी गुंगीत होती, पण चिमटा काढल्यावर रडली आणि आईकडे झेपावली. मान ताठ नव्हती, टाळू उचललेली नव्हती. लसीकरणाच्या कार्डावर पेंटा आणि पीसीव्ही या मेंदूज्वरापासूनही वाचवणाऱ्या लसींचे सगळे डोस झालेले. वजन 10 किलो. घसा लाल. तापातली साधी आकडी. काकाने दोनदा विचारलं, “डोक्याचा फोटो काढायचा का? पैशाचं बघू नका.” नाही म्हटलं. रात्रभर ठेवून घेतलं, पहाटे मुलीने बिस्कीट मागितलं.

एक वाक्य

आता माझी चूक. सकाळचा राउंड, बाहेर ओपीडीची रांग, हातात सतरा केसपेपर. मी डिस्चार्जच्या कागदावर खरडलं: एफएस, पीसीएम एसओएस, रिव्ह्यू ओपीडी. म्हणजे तापातली आकडी, गरज पडली तर पॅरासिटामॉल, पुन्हा ओपीडीत दाखवा. आणि चालता चालता आईला सांगितलं, “घाबरायचं काही नाही. पण ताप येऊ देऊ नका हं.”

हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेल. माझ्या शिक्षकांनी म्हटलेलं मी ऐकलं, माझ्याकडच्या इंटर्न मुलांनी माझं ऐकलं. ते दोन बाजूंनी चूक आहे. एक म्हणजे ताप येणं आईच्या हातात नसतं. दुसरं, ताप उतरवायचं औषध वेळेवर दिल्याने पुढची आकडी टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. पॅरासिटामॉल लेकराला बरं वाटावं म्हणून द्यायचं, आकडी अडवायला नाही. बऱ्याच मुलांत तर आकडी हीच तापाची पहिली खूण असते, घरच्यांना अंग गरम आहे हे नंतर कळतं.

सांगायला हवं होतं ते वेगळंच. सहा महिने ते पाच वर्षांच्या दर 100 मुलांत 2 ते 5 जणांना तापात आकडी येते. एकदा आलेल्यांत साधारण तिघांत एकाला पुन्हा येते. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि मेंदूवर मागे काही ठेवत नाही. हिला मिरगी म्हणत नाहीत. यातलं काहीही मी सांगितलं नाही. आई घरी घेऊन गेली ती फक्त एक जबाबदारी, जी पाळणं कुठल्याही आईला शक्य नाही.

पाच फेऱ्या

रजिस्टरमधल्या पुढच्या पाच नोंदी एकामागे एक वाचल्या की डोकं खाली जातं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री 2:10, ताप 99.8. आठवडाभराने रात्री 11:40, ताप 101, सर्दी. सप्टेंबरात दोनदा, त्यातल्या एकदा ताप नव्हताच, “अंग कोमट लागलं” म्हणून आणलं. शेवटची ऑक्टोबरात, रात्री 1:25, ताप 100.4. प्रत्येक वेळी वेगळा ड्यूटी डॉक्टर, प्रत्येक वेळी नवा केसपेपर, प्रत्येक वेळी सिरप. दोनदा इंजेक्शन, कारण काकाने आग्रह धरला. चौथ्या वेळेपर्यंत कॅज्युअल्टीतल्या मावशी तिला ‘तापवाली’ म्हणू लागल्या होत्या. त्या रात्री तिला चाळीस मिनिटं बाकावर बसवलं गेलं. तब्येत बघता ते योग्यच होतं, पण कुणी तसं सांगून बसवलं नाही, नुसतंच बसवलं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट सगळं मोफत आहे, त्यामुळे ‘फुकट आहे म्हणून येतात’ असंही आमच्यात म्हटलं जातं. या घराला एक फेरी फुकट पडत नव्हती. पिकअपचं 34 किलोमीटरचं डिझेल, काकाचा किंवा वडिलांचा दुसऱ्या दिवशीचा खाडा, आणि सकाळी म्हशीची धार काढायला आजी एकटी. एवढं सोसून माणूस पाच वेळा येतो तो आवडीने नाही.

ऑक्टोबरातल्या त्या शेवटच्या फेरीला योगायोगाने मी दुसऱ्या एका बाळासाठी तिथे आले होते. आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून मागची पानं चाळली. मग आईला बाजूच्या ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि विचारलं, “ताई, एवढ्या रात्री का आणलं?” माझ्या आवाजात थोडी चीड असणार. ती शांतपणे म्हणाली, “तुमीच म्हनला होता, ताप येऊ देऊ नका. आला, म्हणून आणलं.”

मी खुर्ची ओढली. पुढची वीस मिनिटं त्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची ठरली.

तीन बाटल्या

तिच्या पिशवीत पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या होत्या. एक 5 मिलीत 125 मिलिग्रॅमची, एक 5 मिलीत 250 ची, आणि एक ड्रॉप्सची, ज्यात 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम. तिन्ही आमच्या किंवा तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या. “यातलं कसं देतेस?” तिने ड्रॉप्सची नळी उचलली, 125 च्या बाटलीत बुडवली आणि 1 च्या रेघेपर्यंत ओढून दाखवली. म्हणजे 25 मिलिग्रॅम. 10 किलोच्या मुलीला लागतात 150. ती सहावा हिस्सा देत होती, तासभर वाट बघत होती, अंग गरमच लागत होतं, मग दिराला उठवत होती. दवाखान्यात पूर्ण डोस मिळायचा, ताप उतरायचा, आणि घरचं औषध लागू पडत नाही, कॅज्युअल्टीचंच पडतं, असा तिचा अनुभव पक्का होत जायचा. तिच्या बाजूने बघितलं तर हिशोब बरोबर होता. आणि हीच नळी उलटी चुकली असती, ड्रॉप्स सिरपच्या मापाने दिले असते, तर 6 मिलीत 600 मिलिग्रॅम पोटात गेले असते. ते वारंवार झालं असतं तर लिव्हरवर बेतलं असतं.

मी दोन बाटल्या काढून घेतल्या. उरलेल्या 125 च्या बाटलीच्या मापाच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी लावली, 6 मिलीपाशी पेनने रेघ मारली. सहा तासांच्या आत पुन्हा नाही, दिवसातून चारदाच्या वर नाही. ताप आहे पण लेकरू खेळतंय, पाणी पितंय, तर रात्री झोपू दे. पण दूध-पाणी घेईना, सगळं उलटून टाकतंय, हाक मारली तरी सुस्त पडून राहतंय, पोट आत ओढून जोरजोरात श्वास घेतंय, तर ताप 99 असला तरी ये. श्वास मोजायला तिथेच शिकवलं: मुलगी झोपलेली असताना पोटाकडे बघून पूर्ण एक मिनिट, तिच्या वयाला 40 किंवा जास्त म्हणजे घाई. आईने दोनदा मोजले. एकदा 31, एकदा 30.

मग आकडीबद्दल. घड्याळ बघायचं, मुलीला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं. तोंडात बोट नाही, चमचा नाही, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मिडाझोलॅम या आकडी थांबवणाऱ्या औषधाचा फवारा आणि 108. हा फवारा साध्या आकडीला प्रत्येकाला लिहून द्यायची गरज नसते. मी दिला तो 17 किलोमीटर आणि एका पिकअपकडे बघून. दुसऱ्या दिवशी वडिलांना तो तिसऱ्या दुकानात मिळाला आणि किती वेळा दाबायचा हे त्यांना ओपीडीत बोलावून करून दाखवलं.

आजीला वगळून हे होणार नव्हतं, म्हणून तिलाही बोलावलं. तिचं म्हणणं एकच: “कांदा लावला म्हणून तर थांबलं.” मला वाद घालायचा होता. पण तिने आकडी थांबलेली डोळ्यांनी बघितली होती, कांदा हातात असताना. माझ्याकडे तिच्यापुढे ठेवायला होतं ते पुस्तक. शेवटी म्हटलं, “आजी, कांदा धरा नाकापाशी, माझी हरकत नाही. पण आधी कुशीवर, आणि चमचा घरात ठेवायचाच नाही.” सहकाऱ्यांपैकी काहींना हे पटलं नाही. अंधश्रद्धेला खतपाणी, असं एक जण म्हणाला. मला कांद्याने मेलेलं मूल माहीत नाही. आकडीत घशात पाणी ओतल्याने फुफ्फुसात गेलेलं मूल माहीत आहे.

त्यानंतर मी मराठीत एक पानाची चिठ्ठी केली, वजनाप्रमाणे मिलीची जागा रिकामी ठेवून. कॅज्युअल्टीच्या टेबलावर तिचे झेरॉक्स असतात, निदान महिन्याचे पहिले दहा दिवस. नंतर संपतात आणि पुन्हा ‘पीसीएम एसओएस’ सुरू होतं. नव्या डॉक्टरांना मी विचारते, एसओएसचा अर्थ त्या आईला काय कळला असेल? एका आईने मला सांगितलं होतं: “सोसलं तर द्यायचं.”

डिसेंबर

ऑक्टोबरच्या त्या रात्रीनंतर दोन महिने रजिस्टरात तिचं नाव नाही. आशाताईकडून कळलं, मध्ये एकदा ताप आला होता, घरीच उतरला.

डिसेंबरात एका सोमवारी सकाळी साडेनऊला सगळं कुटुंब ओपीडीत, रांगेत. मुलगी आता दोन वर्षांची, काकाच्या खांद्यावर शेंगदाण्याची चिक्की खात. आदल्या रात्री आकडी आली होती. मी पहिल्यांदा चिडलेच: रात्रीच का नाही आणलं? या वेळी फेरी गरजेची होती. आकडी दुसरी असली तरी ताप कशाचा आहे, मुलगी पूर्ण शुद्धीवर आली का, हे कुणीतरी त्याच रात्री बघायला हवं होतं. माझ्या चिठ्ठीत पाच मिनिटांच्या वरच्या आकडीला काय करायचं ते ठळक होतं. पाचच्या आत थांबली तर काय, ते लिहायचं राहून गेलं होतं. त्यांनी कागद तंतोतंत पाळला होता. उजव्या कानाचा पडदा लालभडक फुगलेला निघाला, त्याचं औषध सुरू केलं. चिठ्ठीत एक ओळ वाढवली: आकडी थांबली तरी त्याच दिवशी किंवा रात्री जवळच्या डॉक्टरला दाखवा.

मग काकाने फोन पुढे केला. आकडी सुरू झाल्यावर त्याने व्हिडिओ काढला होता, “तुमाला दावायला.” मुलगी गोधडीवर डाव्या कुशीवर, आईचा हात तिच्या पाठीवर. शेजारची बाई चौकटीत येते, हातात ग्लास. आजीचा आवाज येतो, चढा: “तोंडात काय घालू नकासा, म्याडमनी सांगितलंय!” आई मोबाईलकडे बघून आकडे म्हणते आहे, दीड मिनिट, दोन, सव्वादोन. 2 मिनिटं 40 सेकंदांला झटके थांबतात, मुलगी एक लांब श्वास घेते आणि रडते. कोपऱ्यात आजीचा हात दिसतो, अर्धा फोडलेला कांदा धरलेला, नाकापासून वीतभर लांब.